पेटीवरचा नंबर थेट बागेत कसा पोहोचतो? निर्यातीच्या द्राक्षांचा माग, ग्रेपनेट आणि फवारणीची वही

नाशिक : नेदरलँड किंवा जर्मनीतल्या दुकानात अर्ध्या किलोच्या डब्यात द्राक्षे विकायला ठेवलेली असतात. हे डबे ज्या पेटीतून आले, त्या पेटीवर बारीक अक्षरात काही आकडे छापलेले असतात. गिऱ्हाईक ते वाचत नाही. पण तिथल्या तपासणीत माल नापास झाला की त्याच आकड्यांवरून शोध सुरू होतो आणि तो निफाड, दिंडोरी, चांदवड किंवा बागलाण तालुक्यातल्या एका नेमक्या प्लॉटवर येऊन थांबतो. गाव, गट नंबर, शेतकऱ्याचे नाव, माल कधी तोडला, कुठल्या पॅकहाऊसमध्ये भरला, लॅबचा रिपोर्ट काय होता, सगळे समोर येते.

निर्यातीचे काम करणाऱ्या शेतकऱ्यांना ही पद्धत अंगवळणी पडली आहे. तरीही बरेच जण ती 'कागदपत्राची कटकट' म्हणूनच करतात. नंबर घ्यायचा म्हणून घेतला, वही लिहायची म्हणून लिहिली, तीही बरेचदा माल तोडायच्या आदल्या रात्री, एका बैठकीत, एकाच पेनाने. हा सगळा खटाटोप नेमका कशासाठी आहे, त्यात कॉम्प्युटर काय करतो आणि शेतकऱ्यालाच काय करावे लागते, ते समजून घेतले तर वही लिहिण्याचा कंटाळा थोडा कमी होईल.

२००३ साली काय झाले

नाशिकची द्राक्षे युरोपात जायला लागली त्याला बरीच वर्षे झाली. १९९१ मध्ये राज्यातल्या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभी केली, तेव्हापासून या निर्यातीला जोर आला. त्या काळात तिकडचे खरेदीदार मुख्यतः मण्याचा आकार, रंग, गोडी आणि माल किती टिकतो हे बघायचे. औषधाच्या अंशाची चर्चा गावपातळीवर फारशी नव्हती.

२००३ मध्ये नेदरलँडमध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. युरोपातल्या देशांची आपसात सूचना देण्याची एक यंत्रणा आहे, रॅपिड अलर्ट म्हणतात तिला. एका देशाला खाण्याच्या मालात काही सापडले की सगळ्या देशांना लगेच कळते. तसे ते कळले आणि संशय सगळ्याच भारतीय मालावर आला. चूक ज्यांच्या बागेत झाली ते मोजके असतील, पण तो माल वेगळा काढून दाखवायची सोय तेव्हा आपल्याकडे नव्हती. पेटी कुठल्या बागेची, हे सांगताच येत नसेल तर खरेदीदार सगळ्यांनाच एका रांगेत उभे करतो.

त्यानंतर केंद्राची अपेडा ही निर्यात संस्था, पुण्याजवळ मांजरीला असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि राज्याचा कृषी विभाग यांनी मिळून अंश तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. मांजरीच्या केंद्राकडे देशाच्या मुख्य संदर्भ प्रयोगशाळेचे काम आले. पुढे २००६-०७ च्या सुमारास अपेडाने हा सगळा कारभार इंटरनेटवर आणला. त्याचे नाव ग्रेपनेट. आज शेतकरी ज्याला 'ऑनलाईन नोंदणी' म्हणतो, त्याची सुरुवात तिथली. आपल्याकडे शेतमालाचा असा बागेपासून कंटेनरपर्यंतचा ऑनलाईन माग ठेवण्याची पहिली पद्धत हीच, आणि ती द्राक्षातून आली. नंतर त्याच धर्तीवर डाळिंबासाठी अनारनेट, आंब्यासाठी मँगोनेट आली, सेंद्रिय मालासाठी ट्रेसनेट आली. आता फळे आणि भाजीपाला मिळून हॉर्टीनेट म्हणतात.

युरोपातही त्याच सुमारास कायदा कडक झाला होता. १ जानेवारी २००५ पासून तिथे खाण्याचा माल विकणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी सांगता आल्याच पाहिजेत. माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला. एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे. साखळीतल्या प्रत्येकाने एवढे जपले की पूर्ण रस्ता आपोआप जोडला जातो.

घड तोडण्याआधी

ग्रेपनेटमध्ये नोंद होते ती शेतकऱ्याच्या नावाची नव्हे, प्लॉटची. हा फरक महत्त्वाचा आहे. एखाद्याचे तीन प्लॉट असतील, एक थॉमसनचा, एक शरदचा, एक क्रिमसनचा, तर तीन नंबर. कारण प्रत्येक प्लॉटची छाटणी वेगळी, फवारणी वेगळी. एका प्लॉटचा माल नापास झाला तरी दुसऱ्या दोन प्लॉटना त्याची शिक्षा नको, म्हणून ही सोय आहे.

अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयाकडे होतो. कृषी विभागाचा माणूस येऊन बाग बघतो, मग नंबर मिळतो. आपल्या राज्यातल्या नंबरची सुरुवात 'एमएच'ने होते. दर हंगामाला त्याचे नूतनीकरण करावे लागते. २०१८ पासून अपेडाचे 'फार्मर कनेक्ट' नावाचे मोबाईल ॲप आहे. त्यावर शेतकरी स्वतः अर्ज करू शकतो, अर्ज कुठपर्यंत आला ते बघू शकतो.

माल तोडणीला आला की मान्यताप्राप्त लॅबचा माणूस बागेत येतो आणि स्वतः नमुना काढतो. शेतकऱ्याने निवडून दिलेले दोन घड चालत नाहीत. नमुना प्लॉटच्या वेगवेगळ्या ओळींतून, वेलीच्या वेगवेगळ्या भागांतून घ्यायचा असतो. तो लॅबमध्ये जातो, तपासणी होते आणि रिपोर्ट सरळ सिस्टीममध्ये चढतो. मध्ये कागद फिरत नाही, त्यामुळे रिपोर्टवर खाडाखोड करायला जागा राहत नाही.

रिपोर्ट नापास आला तर त्या प्लॉटवर 'इंटरनल अलर्ट' लागतो. मग युरोपसाठी त्या नंबरची पेटी निघतच नाही. पॅकहाऊसवाल्याने नंबर टाकला तरी सिस्टीम पुढे सरकत नाही. काही दिवस थांबून पुन्हा नमुना दिला आणि तो पास झाला तरच वाट मोकळी होते. दुसरे एक कुलूप वजनाचे आहे. प्लॉटच्या नावावर जेवढा माल मंजूर आहे, त्याच्यापेक्षा जास्त त्या नंबरावर जाऊ शकत नाही. एकराच्या बागेतून पाच एकरांचा माल 'निघाला' असे दाखवता येऊ नये म्हणून.

आता ही मर्यादा किती बारीक आहे, ते बघण्यासारखे आहे. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो हा आकडा लागतो. हिशोब केला तर १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम. म्हणजे दहा टनी दहा ट्रक द्राक्षांनी भरायचे आणि त्यात मिळून एक ग्रॅम औषध. एवढ्या बारकाईने मोजणारी यंत्रे आता लॅबमध्ये आहेत. म्हणून 'थोडेसेच मारले होते' हे कारण तिथे चालत नाही. आदल्या फवारणीनंतर ब्लोअरची टाकी नीट धुतली नाही, शेजारच्या टोमॅटोवरची फवारणी वाऱ्याने बागेत आली, एवढ्यानेही रिपोर्टमध्ये नाव उमटू शकते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्यावी. मर्यादा ओलांडली म्हणजे ती द्राक्षे खाऊन माणूस आजारी पडेलच, असा अर्थ होत नाही. ही मर्यादा औषध नियमाप्रमाणे वापरले तर किती अंश राहायला हवा, यावर ठरते आणि त्यात सुरक्षिततेसाठी बरेच अंतर ठेवलेले असते. पण मर्यादा ओलांडली याचा दुसरा अर्थ पक्का असतो. औषध जिथे मारायला नको होते तिथे मारले, नाहीतर जास्त मारले, नाहीतर काढणीच्या फार जवळ मारले. खाणाऱ्याला ते कळायचा अधिकार आहेच.

पॅकहाऊसच्या आत

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत तोडणी होते. क्रेटवर प्लॉटचा नंबर लागतो. इथून पुढे दोन प्लॉटचा माल एकमेकांत मिसळायचा नाही, हा पॅकहाऊसचा पहिला नियम. एका टेबलावर एका वेळी एकाच प्लॉटचे क्रेट. तो प्लॉट संपला, टेबल साफ झाले, मग दुसरा.

या टेबलांवर काम करणाऱ्या बऱ्याच बायका पेठ, सुरगाणा भागातून हंगामापुरत्या आलेल्या असतात. डोक्याला जाळीची टोपी, हातात छोटी कात्री. खराब, तडकलेले, बारीक मणी काढायचे, घड डब्यात बसवायचा, वजन करायचे. त्यांच्या कामाभोवती नोंदींचे एक जाळे असते, ते बाहेरच्या माणसाला विचित्र वाटते. सकाळी किती कात्र्या दिल्या आणि संध्याकाळी किती परत आल्या, याची वही असते. एक कात्री कमी भरली की ती सापडेपर्यंत त्या टेबलावरच्या पेट्या हलत नाहीत. बोटाला लागले तर पट्टी निळ्या रंगाची असते. द्राक्षात निळे काही नसते, त्यामुळे पट्टी गळून डब्यात पडली तर लगेच डोळ्यात भरते. बल्ब फुटला तर काचेचे तुकडे आत जाऊ नयेत म्हणून दिव्यांना आवरण आणि त्याचीही वेगळी नोंद. औषधाचा अंश हा अन्नसुरक्षेचा एक भाग झाला. काच, धातू, केस, घाणेरडे पाणी हे दुसरे भाग, आणि ते फक्त पॅकहाऊसमध्येच थांबवता येतात.

पेटी भरली की तिच्यावर लेबल लागते. त्यात प्लॉटचा नोंदणी नंबर, पॅकहाऊसचा कोड, जात, भरल्याची तारीख असते. मोठ्या ठिकाणी हे सगळे बारकोडमध्ये असते आणि हातातल्या स्कॅनरने पेटी मोजली जाते. लहान ठिकाणी अजूनही छापील लेबल आणि रजिस्टर. दोन्ही चालते, नोंद खरी असली म्हणजे झाले. पेट्या पॅलेटवर रचल्या जातात, पॅलेटलाही नंबर मिळतो. मग प्री-कूलिंग. बागेतून तापून आलेला मणी चार-पाच तासांत आतपर्यंत थंड करायचा, मग शून्य ते एक अंशाच्या आसपास ठेवायचा. मण्याच्या आत थर्मामीटरची सुई घालून तापमान बघतात आणि लिहून ठेवतात.

चाळीस फुटी थंड कंटेनरमध्ये वीसेक पॅलेट बसतात. एका कंटेनरमध्ये अनेक शेतकऱ्यांचा माल असतो, हे लक्षात घ्यावे. ॲगमार्कचे प्रमाणपत्र, रोग-कीड नसल्याचे म्हणजे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, ही दोन्ही सिस्टीममधल्या नोंदी जुळल्या तरच निघतात. कंटेनरला सील लागते, आत तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवतात आणि गाडी न्हावा शेवाच्या रस्त्याला लागते. पुढे समुद्रातून तीन आठवड्यांहून जास्त प्रवास. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा हे दिवस आणखी वाढले. माल तिकडे नरम निघाला तर दोष बागेचा, पॅकहाऊसचा की वाटेत थंडावा बंद पडल्याचा, हे त्या यंत्रातल्या नोंदीवरून कळते. शेतकऱ्याच्या दरात कपात होणार असेल तर ही नोंद मागायचा त्याला हक्क आहे. फार कमी जण मागतात.

सगळे नंबर बरोबर होते, तरी २०१०

इतके सगळे असताना २०१० मध्ये नाशिकच्या द्राक्ष पट्ट्याने सगळ्यात मोठा फटका खाल्ला. त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले. गावात या औषधाला कोणी त्या नावाने ओळखत नाही. सीसीसी किंवा लिहोसिन म्हटले की सगळ्यांना कळते. शेंड्याची वाढ रोखावी, काडीत चांगला घड तयार व्हावा म्हणून ते वापरले जायचे. वर्षानुवर्षे वापरात होते, त्यात चोरून काही नव्हते. युरोपात द्राक्षासाठी त्याची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम होती.

मग आपल्या लॅबच्या रिपोर्टमध्ये ते का आले नाही? कारण लॅब ज्या औषधांची यादी तपासत होत्या, त्या यादीत ते नव्हतेच. एका वेळी अनेक औषधे पकडणारी जी नेहमीची तपासणी असते, त्यात हे औषध सापडतही नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. म्हणजे शेतकऱ्याकडे नंबर होता, पास झालेला रिपोर्ट होता, पेटीवर लेबल होते, कागद सगळे खरे होते. तरी कंटेनर बंदरात अडकले, माल सडला, दर पडले, कोणाला पैसे मिळाले नाहीत, कोणाला निम्मे मिळाले. निर्यातदारही बुडाले. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचे विलास शिंदे यांनाही त्या हंगामात मोठा तोटा झाला होता. शेतकऱ्यांची स्वतःची कंपनी उभी करण्याचे काम त्यांनी त्याच सुमारास हाती घेतले.

त्यानंतर सीसीसी तपासणीच्या यादीत आले. ही यादी मांजरीचे केंद्र दरवर्षी सुधारते. शेतकरी ज्याला 'ॲनेक्शर पाच' म्हणतात, ती वापरायच्या औषधांची यादी, त्यात प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व कालावधी म्हणजे पीएचआय दिलेला असतो. लॅबने काय तपासायचे याची यादी वेगळी. गेल्या वर्षीची यादी मोबाईलमध्ये ठेवून या वर्षी फवारणी करणारे अनेक आहेत, आणि घोटाळा तिथेच होतो.

लॅबचा रिपोर्ट म्हणजे जे तपासले त्याचा रिपोर्ट. जे तपासले नाही, त्याबद्दल तो काही बोलत नाही. बागेत वर्षभरात प्रत्यक्षात काय काय गेले, हे सांगणारी जगात एकच वस्तू आहे, ती म्हणजे शेतकऱ्याची फवारणीची वही. तीही ऑक्टोबर छाटणीपासून नव्हे, एप्रिलच्या खरड छाटणीपासून लिहिलेली. सीसीसीचे काम पाहिले तर ते खरड छाटणीनंतरच्या दिवसांतले. ज्यांच्या वहीत ती पाने होती, त्यांना तरी आपल्या मालात काय असू शकते याचा अंदाज बांधता आला असता.

वहीत काय असावे

तारीख, प्लॉट, औषधाचे बाटलीवरचे नाव आणि खाली लिहिलेले तांत्रिक नाव, बॅच नंबर, किती पाण्याला किती, कशासाठी मारले, कोणी मारले. डावणीसाठी, भुरीसाठी की फुलकिड्यांसाठी. पुढे एक रकाना असा, की या औषधाच्या पीएचआयप्रमाणे आता कोणत्या तारखेनंतरच तोडणी चालेल. हा शेवटचा रकाना जे लिहितात त्यांची चूक सहसा होत नाही, कारण व्यापारी दारात येऊन 'परवाच तोडू' म्हणाला तरी वही समोर असते.

तांत्रिक नाव लिहिणे का गरजेचे? कारण एकच औषध चार कंपन्यांच्या चार नावांनी येते. दुकानदार वेगळी बाटली देतो, शेतकऱ्याला वाटते औषध बदलले, प्रत्यक्षात आठ दिवसांत तेच दोनदा गेलेले असते.

बॅच नंबर आणि पक्के बिल याचे कारण आणखी वेगळे. जिबे, टॉनिक, पोषके, 'शंभर टक्के जैविक' अशा नावांनी बागेत किती बाटल्या जातात ते प्रत्येक बागाईतदाराला माहीत आहे. जैविक म्हणून विकलेल्या काही उत्पादनांत न सांगितलेले रासायनिक कीटकनाशक निघाल्याचे प्रकार घडले आहेत. शेतकऱ्याने मारले टॉनिक आणि रिपोर्टमध्ये आले कीटकनाशक, मग तो शपथेवर सांगतो की हे औषध बागेत आलेच नाही. त्याचे खरेही असते. पण बिल नाही, बाटली फेकून दिली, बॅच लिहिली नाही, तर ते खरे सिद्ध कशाने करणार? पेटीचा माग बागेपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. पुढे कृषी सेवा केंद्रापर्यंत आणि कंपनीपर्यंत तो न्यायचा असेल तर शेतकऱ्याच्या हातात कागद हवा.

वही मोबाईलवर लिहिली तरी चालते. काही निर्यातदार आणि शेतकरी कंपन्यांनी आपापली ॲप दिलेली आहेत. ज्याला टाईप करणे जमत नाही त्याने निदान प्रत्येक फवारणीच्या दिवशी बाटलीच्या लेबलचा फोटो काढावा. फोटोवर तारीख आपोआप राहते आणि आदल्या रात्री बसून खोटी वही लिहायची वेळ येत नाही.

या सगळ्यात सर्वात वाईट सवय म्हणजे नंबर उसना देणे. भावकीतल्या कोणाचा प्लॉट नोंदलेला नाही, रिपोर्ट नापास आहे, म्हणून 'तुझ्या नंबरावर घाल' असे सांगितले जाते. नात्यासाठी नाही म्हणणे जड जाते. पण तो माल तिकडे सापडला तर सापडणार नंबरवाला. त्याच्या वहीत त्या औषधाची नोंद नसेल, तरी माल त्याचाच धरला जाईल. ज्याने नंबर दिला त्याची बाजू कोणतेच कॉम्प्युटर मांडत नाही.

मेथीच्या दाण्याची गोष्ट

माग काढण्याची पद्धत फक्त दोषी पकडायला असते, असा अनेकांचा समज आहे. जर्मनीत २०११ साली जे घडले ते यासाठी सांगण्यासारखे आहे. मे महिन्यात तिथे एका घातक जिवाणूमुळे रक्ती हगवण सुरू झाली, पुढे अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली. जवळपास चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त मेले. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी सुरुवातीला स्पेनमधून आलेल्या काकडीवर बोट ठेवले. बातमी पसरली आणि स्पेनच्या शेतकऱ्यांची काकडीच काय, सगळीच भाजी पडून राहिली. रोजचे कोट्यवधींचे नुकसान.

काकडीचा काही संबंध नव्हता. आजारी माणसे कुठल्या हॉटेलांत जेवली, त्या हॉटेलांना कोणी काय पुरवले, याच्या पावत्या तपासत तपासत पथक एका मोड आणणाऱ्या शेतावर पोहोचले. तिथून पुढे दाण्यांच्या पोत्यांपर्यंत. संशय शेवटी जाऊन ठरला तो इजिप्तवरून आलेल्या मेथीच्या दाण्यांच्या एका लॉटवर, मोड आणून कच्चे खाल्ले गेलेले. हा माग लागायला अनेक आठवडे गेले, तोवर निर्दोष काकडीवाले मेले ते मेलेच.

वेळ किती महत्त्वाचा, याचे अमेरिकेतले एक उदाहरण नेहमी दिले जाते. वॉलमार्टने आपल्या दुकानातल्या कापलेल्या आंब्याचे पाकीट कुठल्या बागेतून आले ते जुन्या पद्धतीने शोधायला लावले, तर जवळपास सात दिवस लागले. साखळीतल्या सगळ्यांच्या नोंदी एकत्र जोडून ठेवल्यावर तेच काम २.२ सेकंदांत झाले. अर्थात बागेतली पहिली नोंदच चुकीची असेल तर २.२ सेकंदांत चुकीचे उत्तर मिळेल, हेही तितकेच खरे.

आपल्या ताटातली द्राक्षे

आता जरा नाजूक मुद्दा. युरोपसाठी रिपोर्ट नापास झालेला माल युरोपला जात नाही. पण तो बागेतही राहत नाही. तो लोकल मार्केटला जातो, दुसऱ्या देशात जातो, बेदाण्याला जातो. पिंपळगावच्या रस्त्यावर, नाशिकच्या बाजारात, दिल्ली-कोलकात्याला जाणाऱ्या गाडीत कोणत्याही क्रेटवर प्लॉटचा नंबर नसतो. ती कोणी मागत नाही आणि कोणी विचारतही नाही.

कायदा नाही असे नाही. देशात अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा आहे, त्याखाली औषधाच्या अंशाच्या मर्यादाही ठरवलेल्या आहेत. दुकानातून, बाजारातून नमुना घेण्याचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाला आहे. पण याच कायद्यात शेतकरी आणि शेतावरचा माल यांना वगळलेले आहे. हे लहान शेतकऱ्याच्या सोयीचे आहे आणि ते तसे असणे बरोबरच. मात्र त्याचा परिणाम असा, की बाजारातल्या फळविक्रेत्याकडे नमुना नापास झाला तरी मागे जायला रस्ताच नाही. त्याने माल आडत्याकडून घेतला, आडत्याने दहा जणांचा एकत्र केला. साखळी तिथेच तुटते.

याचा तोटा चांगले काम करणाऱ्या शेतकऱ्यालाच जास्त होतो. ज्याने पीएचआय पाळला आणि ज्याने काल फवारून आज तोडला, दोघांचे क्रेट एकाच ढिगात, एकाच दराने. निर्यातीत नोंदीला निदान किंमत आहे. देशी बाजारात ती यावी यासाठी मोठे खर्चिक काही लागेल असेही नाही. क्रेटवर गावाचे नाव, प्लॉटचा नंबर आणि तोडणीची तारीख एवढी चिठ्ठी लागली तरी सुरुवात होईल. काही शेतकरी कंपन्या स्वतःच्या ब्रँडने देशातल्या दुकानांना माल देतात, त्या असे लेबल लावतातही. बाजार समित्यांनी मनावर घेतले तर लिलावातही ते शक्य आहे.

आणि गावातली पोरेबाळे जी द्राक्षे खातात, ती तर सगळ्यात कमी तपासलेली असतात. युरोपच्या मुलांसाठी वही लिहायची आणि घरच्यांसाठी बांधावरचे घड तोडायचे, हे अनेक घरांत चालते. घरी खायचा घड तोडतानाही पीएचआयची तारीख बघितली पाहिजे, याला कोणा अधिकाऱ्याची गरज नाही.

यंदा नोंदणी करायची असेल तर

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की नोंदणी आणि नूतनीकरणाची धावपळ सुरू होते. शेवटच्या दिवसाची वाट बघू नये, कारण तपासणीला येणारा कृषी पर्यवेक्षक एकच असतो आणि गावे अनेक. सातबारा, बागेचा नकाशा, ओळखपत्र आणि चालू मोबाईल नंबर तयार ठेवावा. नकाशात विहीर, रस्ता, शेजारचे प्लॉट नीट दाखवावेत. जुनी नोंदणी असेल तर जुना नंबर जपून ठेवावा, नवीन घेऊ नये. खाते सायबर कॅफेवाल्याच्या किंवा निर्यातदाराच्या माणसाच्या मोबाईलवर न उघडता स्वतःच्या नंबरावर उघडावे, म्हणजे रिपोर्ट काय आला ते दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

माल तोडल्याच्या दिवशी व्यापाऱ्याकडून किंवा पॅकहाऊसकडून वजनाची पावती घ्यावी आणि त्यावर प्लॉटचा नोंदणी नंबर लिहून घ्यावा. प्लॉट नंबर, तारीख, क्रेट किती, किलो किती, सही. ही पावती औषधाचा प्रश्न आला तर उपयोगी पडते, आणि व्यापाऱ्याने पैसे थकवले तरी हीच उपयोगी पडते. डाळिंबवाल्यांनी, मुख्यतः बागलाण, देवळा, मालेगावकडच्या शेतकऱ्यांनी अनारनेटची माहिती आपल्या तालुका कृषी कार्यालयात विचारावी. कागदपत्रे साधारण तीच लागतात.